रुग्णालयांतील बिलाचा कारकून

शालान्त परीक्षा जवळ आली कीं बहुतेक पालकांच्या मुखीं डॉक्टर व इंजिनियर हे दोनच शब्द असतात. तिसऱ्या वाटेचें नांव काढावें, तर ‘म्हणजे शेवटीं कारकुनीच ना?’ असा प्रश्न येतो. अशाच एका कारकुनीचा कैवार घेण्याचें येथें योजिलें आहे. ती म्हणजे रुग्णालयाच्या बिलिंग विभागांतील नोकरी.

औषध डॉक्टर देतो, शुश्रूषा परिचारिका करते. परंतु रोगी घरीं केव्हां जाईल व कर्ज काढून जाईल कीं काय, हें पुष्कळ अंशीं बिलाच्या खिडकीमागें बसलेल्या माणसावर अवलंबून असतें. आपल्या देशांत १९८६ सालीं मेडिक्लेम विमा आला. २०१८ सालीं आयुष्मान भारत योजनेनें पात्र कुटुंबास वर्षाकाठीं ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय केली. त्यामुळें बिल ही नुसती बेरीज राहिली नाहीं. रोगाचा सांकेतिक क्रमांक बरोबर लिहिणें, विम्याच्या अटी वाचणें, पूर्वसंमति मिळविणें, नाकारलेल्या दाव्यास साधार उत्तर देणें, हीं सर्व कामें त्यांत आलीं. एक क्रमांक चुकला तर दावा अडतो, आणि बापाच्या उशाशीं बसलेल्या मुलास रोख रकमेसाठीं दारोदार फिरावें लागतें. रोग्यास घरीं सोडतेवेळची संमति विमा कंपनीनें ३ तासांच्या आंत द्यावी, असा दंडक विमा नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं घातला. परंतु रुग्णालयाची मागणी पोंचल्यावांचून ते तास मोजले जात नाहींत.

आरंभींचें वेतन बेताचें असतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तथापि सांकेतिक क्रमांकांची विद्या शिकून परीक्षा देणारास दावे तपासणारा, विभागप्रमुख अशा पायऱ्या चढतां येतात. पुणें-मुंबईच्या कचेऱ्यांत बसून अमेरिकेतील रुग्णालयांचीं बिलें करणारेही आहेत. इंग्रजी व शरीरशास्त्र यांची हेळसांड करणारास मात्र हें साधावयाचें नाहीं.

बेरीज यंत्र करितें; क्रमांकही तें सुचवूं लागलें आहे. म्हणून केवळ आंकडे उतरविणाराची नोकरी डळमळीत होय. जो कागदांतील विसंगति ओळखील, न झालेल्या तपासणीचा आकार बिलांत घालण्यास नकार देईल, आणि भेदरलेल्या म्हातारीस प्रत्येक रकमेचा अर्थ तिच्या बोलींत सांगेल, त्याची गरज सरेल असें आम्हांस वाटत नाहीं.

तेव्हां हिशेबांत चोख व जिभेनें गोड असलेल्या आपल्या मुलामुलींस पालकांनीं ह्या वाटेवरून मागें खेंचूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं, उत्तर आलें तरी ताळा करून पाहण्याची संवय आजपासूनच लावून घ्यावी.