आयर्लंडचा धडा आणि यवतमाळच्या भाषा

लोकमान्य टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडच्या स्वराज्य चळवळीतून उचलला होता. पराधीन राष्ट्रांनी परस्परांकडून शस्त्रे घेतली नसतील, पण शब्द आणि धडे अवश्य घेतले. त्या चळवळीत टिळकांच्या पाठीशी उभे राहिलेले लोकनायक बापूजी अणे हे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. आज त्याच जिल्ह्याने आयर्लंडकडून दुसरा एक धडा घेण्याची वेळ आली आहे. तो राज्याचा नसून भाषेचा आहे.

आयरिश भाषेचे वाङ्मय युरोपातील अतिप्राचीन वाङ्मयांपैकी एक. सहाव्या-सातव्या शतकापासून मठांतून त्या भाषेत लेखन होऊ लागले आणि वीरकथांचे समृद्ध भांडार निर्माण झाले. अशी भाषा केवळ राज्यकर्त्यांच्या जुलमाने लोपली असे मानणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. १८३१ पासून सुरू झालेल्या शाळांचे माध्यम इंग्रजी होते, हे खरे. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली, त्यांत आयरिश बोलणारी गरीब माणसेच अधिक होती, हेही खरे. परंतु मुलाने घरची भाषा उच्चारली की त्याच्या गळ्यातील काठीवर खाच पाडायची आणि खाचांच्या हिशेबाने छड्या मारायच्या, ही शिक्षा आईबापांच्या संमतीने चाले. पोट भरायचे तर इंग्रजीच हवी, अशी त्यांची खात्री पटली होती. भाषा दरबारात हरली, पण ती मेली ती चुलीपाशी.

पुढे जागृती झाली. डग्लस हाइड यांच्या पुढाकाराने १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली. स्वतंत्र आयर्लंडने १९२२ नंतर शाळांतून आयरिश सक्तीची केली, १९३७ च्या राज्यघटनेने तिला प्रथम राजभाषेचे स्थान दिले आणि १९३८ साली हाइड स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. एखाद्या भाषेला याहून मोठा मान कोणता मिळावा? तरीही २०२२ च्या शिरगणतीत एक्कावन्न लाखांहून अधिक वस्तीच्या या देशात शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे भरले ते सुमारे ७२ हजार. मान उशिरा आला होता.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, भाषा गेली तरी आयर्लंडची अस्मिता कोठे गेली? येट्स यांना १९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते इंग्रजी काव्यासाठी. सिंग आणि जॉइस यांनीही इंग्रजीतच लिहिले. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो एक गोष्ट नजरेआड करतो. येट्स यांच्या हाती जुन्या वीरकथा आल्या, कारण त्या शतकानुशतके लिहून ठेवलेल्या होत्या आणि त्यांची भाषांतरे झाली होती. सिंग यांनी अॅरन बेटांवर राहून आयरिश बोलणाऱ्यांचे शब्द कानांत साठविले आणि त्यांच्या वाक्यांची घडण आपल्या इंग्रजी संवादांत आणली. परक्या भाषेत त्यांना आपले घर बांधता आले, कारण जुन्या घराच्या विटा शाबूत होत्या.

यवतमाळात नेमक्या या विटांचाच प्रश्न आहे. या जिल्ह्यात वऱ्हाडी वळणाची मराठी आहे, तशीच पोडांवरची कोलामी, गोंडांची गोंडी आणि तांड्यांवरची गोरमाटी आहे. कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा. मरे एमेनो या पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी तिचे व्याकरण मांडले, पण तिच्या गाण्यांचे आणि कथांचे भांडार प्रामुख्याने तोंडीच राहिले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ही भाषा बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत कोलामीही नाही आणि जवळजवळ तीस लाख लोकांची गोंडीही नाही. गोरमाटीला तर जनगणना हिंदीच्याच पोटात टाकते. तोंडी परंपरा असलेली भाषा एका पिढीने टाकली, की पुढच्या येट्ससाठी मागे काहीच उरत नाही.

याउलट मराठीच्या वाट्याला मान भरपूर आला आहे. यवतमाळ नगरीने १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलने पाहिली. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, महानुभावांच्या रिद्धपुरी, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. याचा आनंद रास्तच आहे. परंतु जिने संस्कृत पंडितांच्या दरबारात लोकभाषेचा हक्क मागितला आणि भाषेच्या न्यायावर १९६० साली आपले राज्य मिळविले, त्या मराठीने आपल्या अंगणातील धाकट्या भाषांशी पंडितांसारखे वागावे, हे तिच्या इतिहासाला शोभणारे नाही.

कोलाम मुलाला मराठी शिकवू नये, असे कोणीही म्हणणार नाही. कचेरी, बाजार आणि पुढचे शिक्षण यांसाठी ती त्याला आलीच पाहिजे, आणि इंग्रजीही. प्रश्न क्रमाचा आहे. पहिलीत बसलेल्या ज्या मुलाच्या घरी मराठी नाही, त्याच्यापुढे अक्षर आणि भाषा ही दोन्ही ओझी एकदम टाकली, तर तो गप्प बसतो. आणि त्याच्या गप्प बसण्याला मंदबुद्धी हे नाव मिळते. घटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. २०२० चे शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचाच पुरस्कार करते. उणीव कायद्याची नाही. कोलामी जाणणारा शिक्षक पोडावरच्या शाळेत नेमणे, वृद्धांच्या तोंडची गाणी व कथा देवनागरीत उतरवून त्यांची वाचनपुस्तके करणे, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना या संकलनाच्या कामाला लावणे, यांना फार मोठा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा.

आयर्लंडने भाषेला सिंहासन दिले, तेव्हा तिचे घर रिकामे झाले होते. यवतमाळच्या पोडांवर आणि तांड्यांवर अजून त्या घरांत दिवा जळतो आहे. तो विझल्यानंतर उभारलेल्या स्मारकाला अस्मिता म्हणता येणार नाही.