तीन आणि सोळाशे एकवीस

शिक्षकांनी राजकारणात पडू नये, हा उपदेश आपल्याकडे इतक्या सहजपणे केला जातो की तो कोण कोणाला करीत आहे, हे पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. पुढारी तो करतात, संस्थाचालक करतात, पालकसभेत मागच्या बाकावर बसलेले सद्गृहस्थही करतात. कॅथलिक शाळांचे व्यवस्थापकही त्याला अपवाद नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर शिक्षकांची संघटना मागण्यांचे निवेदन घेऊन उभी राहिली, की 'मुलांना वेठीस धरले' अशी ओरड सुरू होते. त्याच शिक्षकाला शासन मतदान केंद्रावर बोलावून घेते, तेव्हा मात्र ते राष्ट्रकार्य ठरते. या दुटप्पीपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी उत्तर प्रदेशातील 2021 सालच्या पंचायत निवडणुका आठवाव्यात.

कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, 15, 19, 26 आणि 29 एप्रिल अशा चार टप्प्यांत तेथे मतदान घेण्यात आले. त्या महिन्यात राज्यातील पहिली ते आठवीचे वर्ग शासनानेच बंद ठेवले होते. वर्गात चाळीस मुले एकत्र बसणे धोक्याचे आहे, हे शासनाला मान्य होते. परंतु त्या वर्गाच्या शिक्षकाने प्रशिक्षणाला गर्दीत बसावे, साहित्य घेण्यासाठी रांगेत उभे राहावे, खच्चून भरलेल्या बसमधून परक्या गावी जावे आणि दिवसभर शेकडो मतदारांच्या बोटांना शाई लावावी, यात त्याच शासनाला धोका दिसला नाही. प्राथमिक शिक्षक संघाने निवडणुका पुढे ढकलण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही.

शासनाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. या निवडणुका अमुक मुदतीत घ्या, असा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा आदेश होता. परंतु तो आदेश फेब्रुवारी-मार्चमधला, म्हणजे लाटेने उग्र रूप धारण करण्यापूर्वीचा. परिस्थिती पालटली असता मुदत वाढवून मागण्यास न्यायालयाचे दार कोणत्याही शासनाला मोकळे असते. ते ठोठावण्याऐवजी शिक्षकांना नेमणुकीचे हुकूम धाडण्यात आले. पुढे 27 एप्रिल रोजी याच उच्च न्यायालयाने मृत कर्मचाऱ्यांच्या बातम्यांची दखल घेऊन राज्य निवडणूक आयोगाकडे जाब मागितला.

एप्रिल संपता संपता शिक्षक संघाने 706 मृत सहकाऱ्यांची यादी पुढे ठेवली आणि निदान मतमोजणी तरी थांबवा, अशी विनवणी केली. बहिष्काराचा इशाराही दिला. 1 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून मतमोजणीस परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवशी ती सुरू झाली. मेच्या मध्यास संघाची यादी 75 जिल्ह्यांतून 1,621 नावांपर्यंत पोहोचली होती. त्यात शिक्षक होते, तुटपुंज्या मानधनावर राबणारे शिक्षामित्र होते, अन्य कर्मचारीही होते.

18 मे रोजी शिक्षण विभागाने उत्तर दिले. निवडणुकीच्या कामावर असताना मृत्यू पावलेल्या शिक्षकांची संख्या तीन!

वाचकहो, हा आकडा कोठून आला ते नीट समजून घ्या, कारण कोणी कारकून बेरजेत चुकला असे येथे घडलेले नाही. नियमाप्रमाणे निवडणूक-कर्तव्याचा काळ म्हणजे कर्मचारी घरून निघाल्यापासून कर्तव्य आटोपून घरी परत पोहोचेपर्यंतचा काळ. त्या अवधीत जो मेला तो कर्तव्यावर मेला. अपघातात किंवा दंगलीत सापडलेल्या माणसासाठी हा नियम पुरेसा असेल. परंतु या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणे दिसू लागण्यासच चौदा दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो, हे तोवर शाळकरी पोरालाही पाठ झाले होते. मतदान केंद्रावर लागण झालेला शिक्षक घरी येणार, चार-सहा दिवसांनी त्याला ताप चढणार, प्राणवायूसाठी त्याचे मुलगे गावोगाव हिंडणार आणि आठवड्या-पंधरवड्याने तो डोळे मिटणार. नियमाच्या दृष्टीने असा मनुष्य सुखरूप घरी पोहोचलेला असतो. अशा रीतीने मोजले असता तीन भरले, हेच आश्चर्य.

संघाच्या यादीतील प्रत्येक मृत्यू निवडणुकीमुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत मृत्यू घरोघर फिरत होता. कोणाला कोठे लागण झाली हे सांगणे कठीण होते. परंतु लोकांचा संताप पाहून दोनच दिवसांत मुख्यमंत्र्यांना नियम बदलण्याचे आदेश द्यावे लागले. कर्तव्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत कोरोनाने झालेला मृत्यू ग्राह्य धरण्याचे ठरले आणि सर्व खात्यांचे मिळून दोन हजारांहून अधिक मृत कर्मचाऱ्यांचे वारस प्रत्येकी 30 लाख रुपयांच्या मदतीस पात्र ठरले. (ही रक्कम किमान एक कोटी असावी, असे उच्च न्यायालयाने सुचविले होते.) संघटनेने गावोगावची नावे गोळा केली नसती, तर 'तीन' हाच इतिहास झाला असता. एकट्यादुकट्या विधवेने तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले असते आणि तिला तो घरी-पोहोचण्याचा नियम दाखवून परत पाठविण्यात आले असते. मग राजकारण कोणी केले? नावे मोजणाऱ्यांनी, की ती न मोजण्याचा नियम उगाळणाऱ्यांनी?

कायद्याची बाजूही पाहू. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम शिक्षकाला अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते आणि लगेच जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हे तीन अपवाद सांगते. त्याआधी 2007 साली दिल्लीतील सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता, की शिक्षकांना निवडणुकीची कामे सुट्टीच्या दिवशी व अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावीत. मुलांचे तास बुडू नयेत, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु महामारीने शाळेचा प्रत्येक दिवस अध्यापन नसलेला करून टाकला आणि मुलांच्या रक्षणासाठी घातलेली ती अट शिक्षकाच्या रक्षणास निरुपयोगी ठरली.

येथे कोणी म्हणेल, 'फादर, अमेरिकेतल्या संघटनांनी काय केले तेही सांगा.' सांगतो. शिकागो शहरात जानेवारी 2022 मध्ये तेथील शिक्षक संघटनेच्या 73 टक्के मतदात्या सभासदांनी वर्गात न जाता दूरस्थ शिकविण्याचा कौल दिला. महापालिकेने ते मान्य केले नाही आणि तीन लाखांहून अधिक मुलांची शाळा पाच दिवस बुडाली. तोवर लस उपलब्ध झाली होती. त्याच शहरातील कॅथलिक शाळांचे वर्ग तर ऑगस्ट 2020 पासूनच भरत होते. शाळा बंद राहिली तर हातावर पोट असणाऱ्या घरातील पोराचेच अधिक नुकसान होते, हे शिकागोलाही लागू आहे आणि आपल्या आदिवासी पाड्यांनाही. पुढे 2023 साली या संघटनेचा एक माजी संघटक तिच्या पाठबळाने शहराचा महापौर निवडून आला. मागणी करणारे आणि मागणी मंजूर करणारे एकाच तंबूतले झाले, तर पालकाने दाद कोणाकडे मागावी? पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या आपल्या परिपत्रात कामगार संघटनांना समाजजीवनाचे अनिवार्य अंग म्हटले. मात्र सत्तेसाठी झगडणाऱ्या पक्षाचे रूप त्यांनी घेऊ नये, असेही बजावले. शिकागोच्या बाबतीत तो इशारा मला रास्त वाटतो.

परंतु शिकागोची काठी घेऊन उत्तर प्रदेशच्या शिक्षकाला झोडपता येणार नाही. तेथे शाळा आधीच बंद होत्या. मतदान दोन महिने लांबले असते, तर एकाही मुलाचा एकही धडा बुडाला नसता. गावचा प्रधान दोन महिने उशिरा खुर्चीवर बसला असता, एवढेच.

शिक्षकाने निवडणुकीपासून दूर राहावे, अशी आपल्या घटनाकारांची तरी कोठे इच्छा होती? 171 व्या अनुच्छेदाने विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या आहेत. महाराष्ट्रात अशा 7 जागा आहेत, उत्तर प्रदेशात 8. खेदाची गोष्ट अशी, की हा मताधिकार माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षकांनाच आहे. संघाच्या त्या यादीतील बहुसंख्य माणसे प्राथमिक शाळांची होती. दुसऱ्यांचे मतदान पार पाडण्यासाठी ती गेली. शिक्षक म्हणून त्यांना स्वतःचा आमदार निवडण्याचा हक्क नव्हता.

वसईपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आपला प्रदेश कोकण शिक्षक मतदारसंघात मोडतो. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत शिक्षक-शिक्षिका आहेत, हे निराळे सांगायला नको. किती घरांतून त्या दर निवडणुकीला पहाटे डबा घेऊन निघतात, तेही आपण पाहतो. या मतदारसंघाचा उमेदवार मते मागण्यास आपल्या शाळेच्या सभागृहात येईल तेव्हा त्याला पगार व पेन्शनीविषयी अवश्य विचारावे. त्याबरोबरच 27 व्या कलमात एक ओळ घालून घेण्यासाठी तो काय करणार, हेही विचारावे: ज्या रोगामुळे शासनाने शाळा बंद केली असेल, त्याच रोगामुळे त्या शाळेच्या शिक्षकाची निवडणूक-नेमणूकही आपोआप रद्द व्हावी. उत्तर लेखी मागावे.