दीपकाडीचा सडा पडीक नाही

मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या मोजक्या सड्यांवर पांढरी फुलं उभी राहतात. मे महिन्यात ज्या कातळावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, त्याच कातळाच्या भेगेतून, बोटभर मातीतून दीपकाडी वर येते. लांबट, नळीसारखं, सुवासिक फूल. निकोल डॅल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० साली तिची शास्त्रात नोंद केली आणि नावातच कोकण घातलं. किनाऱ्यालगतचे हे जांभ्याचे सडे हेच तिचं घर. काही आठवड्यांत फुलं सुकतात, मग पातीही मावळते आणि जमिनीखाली उरतो फक्त कांदा, पुढच्या मृगाची वाट बघत.

तिच्यावरच्या संकटाचं मूळ इथेच आहे. वर्षातले बहुतेक महिने ती कोणाला दिसत नाही. जमिनीचा दलाल येतो डिसेंबरात, खाणीसाठी जागा बघणारा येतो मार्चमध्ये, रिसॉर्टवाला येतो समुद्राकडच्या कड्यावरून सूर्यास्त बघायला. सगळ्यांना दिसतो काळा, रखरखीत कातळ. सातबाऱ्यावरही पोटखराबा लिहिलेला असतो. मग सगळेच म्हणतात, इथे आहे काय? आणि जेसीबी चढतो.

काय आहे ते नीट ऐका. पावसाळ्यात याच सड्यावर कीटक खाणारी इवलीशी रोपं उगवतात, डबक्यांत बेडूक अंडी घालतात, टिटवी इथे घरटं करते, गावची गुरं इथे चरतात. सड्याच्या उतारावर तुमची वाडी आहे. तिच्या विहिरीत आणि पऱ्यात एप्रिलपर्यंत जे पाणी टिकतं, ते याच सच्छिद्र जांभ्यातून झिरपत आलेलं असतं. चिरेखाणीने वरचा थर कापला, किंवा सुरुंग लावून कातळ फोडला आणि ट्रकने माती आणून कलमं लावली, की फुलं तर जातातच, पाण्याची वाटही बदलते. हापूसवर माझा राग नाही. या जिल्ह्याचं पोट त्याच्यावर चालतं. पण प्रत्येक सडा फोडून बाग करायचीच, असं कुठल्या शेतकऱ्याचं भलं सांगतं?

आणि याच कातळांवर आपल्या आधीच्या माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, कुडोपी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ज्या दगडाला देशाने जागतिक वारसा म्हणून पुढे केलं, त्याला आपण पडीक म्हणत राहायचं?

मुंबईतल्या चाकरमान्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे. चुलत्या-पुतण्यांत वाटणी न झालेला कातळ फोनवरच्या एका होकारात विकला जातो, आणि गणपतीला गावी आल्यावर तुम्हाला तिथे खड्डा दिसतो. सही करण्याआधी एकदा जूनमध्ये या. आपला सडा पावसात बघा. मग ठरवा.

कोणी म्हणेल, कांदे काढून दुसरीकडे लावू. कांदा कुंडीत लावता येईल. भेगा, डबकी, उतार, त्यातून वाहणारं पाणी आणि त्यावर जगणारे जीव कुंडीत लावता येत नाहीत. सडा एकदा फुटला की फुटला.

मार्ग कायद्यात आहे आणि तो गावाच्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवहीही. बहुतेकांना आपल्या समितीत कोण आहे हेच माहीत नसतं. विचारा. नोंदवही बघायला मागा. तिच्यात सड्याबद्दल एक ओळही नसेल तर ती लिहून घ्या. याच कायद्याखाली राज्य सरकार जैविक वारसा स्थळ जाहीर करू शकतं. हे स्वप्नरंजन नाही: दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथील मायरिस्टिकाच्या दलदलीला २०२० मध्ये आणि आंबोलीच्या हिरण्यकेशीतल्या माशाच्या अधिवासाला २०२१ मध्ये हा दर्जा मिळाला. एका माशासाठी जे झालं ते आपल्या फुलासाठी का होऊ नये?

एक विनंती मात्र कळकळीची. फूल सापडलं म्हणून त्याच्या जागेचा गवगवा करू नका, गाड्या भरून माणसं नेऊ नका. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत गर्दीला आवर घालावा लागला, हे आपण बघितलं आहे. दीपकाडीच्या काही जागा इतक्या लहान आहेत की एका रविवारच्या पायांखाली संपतील. तोडू नका, कांदा उपटू नका. फोटो घ्या, तारीख लिहा, गट क्रमांक लिहा आणि तो कागद समितीकडे द्या. शाळेतल्या गुरुजी-बाईंनी हे काम मुलांकडून करून घेतलं तर त्याहून चांगलं. सड्यावरची वाट मोठ्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असते.

फुलं जून-जुलैत येतात. १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा असते. मधल्या दिवसांत कागद तयार होतो. तेव्हा यंदा ग्रामसभेला नुसते हजेरीपुरते जाऊ नका. उभे राहा, आपल्या सड्याचं नाव घ्या, आणि तो राखण्याचा ठराव सूचक-अनुमोदकाच्या नावासह इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.