मांजरीचे बाळंतपण

होळीची राख थंड होते, उन्हे तापू लागतात आणि उज्जैनच्या जुन्या वाड्यांतून एक चोरटी पाहुणी हिंडू लागते. कोठीघराच्या मागे, माळ्यावरच्या वळकट्यांत, क्वचित देवघराशेजारच्या फडताळातही ती डोकावून जाते. पोट दोन्ही अंगांनी फुगलेले, चाल जड, नजर मात्र सावध. मांजर जागा शोधते आहे हे घरातल्या वडीलधाऱ्या बायका तत्काळ ओळखतात आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गाभण आहे बिचारी, वाटीभर दूध ठेवा. दुसरा म्हणतो, व्याली की घरभर घाण करील, आत्ताच हाकला. पहिला पक्ष दयाळू खरा, पण मांजरीविषयी तोही दुसऱ्याइतकाच अजाण असतो, असे आमचे निरीक्षण आहे.

राणोजी शिंद्यांच्या काळात आपली मंडळी माळव्यात आली, स्थिरावली, आणि वर्षाचा गहू कोठ्यांत भरून ठेवू लागली. त्या गव्हाचे खरे राखणदार मांजरच होते. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात उंदरांचा उपद्रव झाल्यास मांजरे व मुंगसे सोडावीत असे सांगून, त्यांना पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास बारा पणांचा दंड लावला आहे. आपल्याकडे पाचवी-सहावीला जिचे पूजन होते त्या सटवाईचे मूळ ज्या षष्ठीदेवीत सांगतात, तिचे वाहनही मांजरच. बाळ-बाळंतिणीचे रक्षण करणाऱ्या देवतेला आपल्या पूर्वजांनी मांजरावर बसविले, ते मांजरीचे मातृत्व जवळून पाहिल्यामुळेच असावे, असे आम्हांस वाटते.

आता त्या दुधाच्या वाटीविषयी. मांजर दूधभातावर जगते हा आपल्या शाकाहारी घरांचा जुना समज आहे. वस्तुतः ते जगत असे कोठीतल्या उंदरांवर. दूधभात हे वरचे खाणे. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि गाभण मांजरीला हगवण लागली तर ती लवकर खंगते. शिवाय टॉरिन नावाचे एक द्रव्य तिला आहारातूनच मिळावे लागते आणि ते मुख्यतः मांस-मासळीतच असते. ते न मिळाल्यास गर्भ पोटातच जिरतात किंवा पिले दुबळी उपजतात. ज्यांच्या घरी मांस-मासळी शिजत नाही त्यांनी मांजराच्या पिलांसाठी मिळणारे तयार खाद्य आणावे. ते गाभण व दूध पाजणाऱ्या मांजरीलाही चालते आणि त्यात हे द्रव्य घातलेले असते. शेवटच्या आठवड्यांत पोटात जागा उरत नाही, म्हणून थोडे थोडे पण अनेकदा द्यावे. पाणी सतत जवळ असावे. कांदा-लसूण घातलेले काहीही देऊ नये. आणि अंग गरम लागले म्हणून माणसाची तापाची गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, म्हणजे ६३ ते ६५ दिवसांचा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिची स्तनाग्रे गुलाबी होऊन फुगतात, पाचव्यापासून पोट दिसू लागते. पोट दाबून आत किती पिले आहेत हे चाचपण्याचा मोह मुलांना होतो. तो त्यांना होऊ देऊ नये. त्यापेक्षा त्यांना खोके शोधण्याच्या कामाला लावावे. पुठ्ठ्याचे किंवा फळ्यांचे खोके, तळाशी वर्तमानपत्रे, त्यावर आजीचे विटके, मऊ झालेले लुगडे. एका बाजूस मांजर सहज आत जाईल पण पिलू बाहेर लोळणार नाही इतपत उंबरठा. ते अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवावे. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालची जागा टाळावी. इतके करूनही ती खोके सोडून तुमच्या शालींच्या कपाटात व्याली, तर तो तिचा अधिकार मानावा.

प्रसूतीच्या आदल्या दिवशी बहुधा ती अन्न नाकारते, येरझारा घालते, ओरडते. एकदा कळा सुरू झाल्या की घरच्यांचे काम दुरून पाहणे एवढेच. पिलू पातळ पिशवीत येते. आई ती फाडते, नाळ चावून तोडते, पिलाला चाटून चाटून श्वास घ्यायला लावते आणि वारही खाऊन टाकते. हे पाहून ओरडण्याचे कारण नाही. जितकी पिले तितक्या वारा पडल्या की नाही, एवढे मात्र मोजावे. आईने दोन-तीन मिनिटांत पिशवी फाडली नाही, तरच स्वच्छ हातांनी ती पिलाच्या तोंडावरून दूर करावी आणि कोरड्या फडक्याने पिलाला चोळावे. नाळ ओढू नये. वीस-तीस मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिलू बाहेर येत नसेल, किंवा लालभडक रक्त वाहत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यांकडे धाव घ्यावी. अशा वेळी रात्र फार मोठी असते. म्हणून त्यांचा दूरध्वनी क्रमांक आधीच भिंतीवर लिहून ठेवलेला बरा.

आपल्याकडे म्हणतात की मांजर पिलांना सात घरे फिरवते, त्याशिवाय त्यांचे डोळे उघडत नाहीत. डोळे आपल्या वेळेने, सात ते चौदा दिवसांत, उघडतातच. एकाच घरात राहिली तरी उघडतात. घरे बदलायला लावतो तो माणसांचा उपद्रव. कोणी वाकून पाहिले, कोणी उचलून शेजारणीला दाखविले, बोक्याचा वास आला, की ती एकेकाची मानगूट धरून निघते. बोक्याचे भय तर खरेच आहे. परका बोका कधी कधी पिले मारतो. (वैष्णव आचार्यांनी याच दृश्यावरून मार्जारकिशोरन्याय रचला. पिलू काहीच करीत नाही, सारा भार आईचा. माकडाच्या पिलाला निदान पोटाला घट्ट धरून राहावे लागते.)

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या सामानाच्या खोलीत, नकाशांच्या लाकडी पेटीत, एक कबरी मांजर ऐन वार्षिक परीक्षेच्या दिवसांत व्याली. चार पिले. शिपायाने तत्परतेने विचारले, “बड़े सर, बोरे में भरकर नदी के उस पार छोड़ आऊँ?” आम्ही खोलीला कुलूप लावले, किल्ली त्याच्याच हाती दिली आणि सकाळ-संध्याकाळ खाणे-पाणी ठेवून मागे न पाहता बाहेर येण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली. खिडकीच्या फटीला डोळे लावणाऱ्या पाचवीच्या मुलांसाठी काचेला आतून कागद डकवला. तिसऱ्या दिवशी एक पिलू गेले. ते उपजतच लहान होते आणि आईने त्याला कुशीबाहेर सारले होते. शिपायाने ते कोणाला न सांगता कडुनिंबाखाली पुरले, आम्हांला नंतर कळले. उरलेली तीन त्याच पेटीत वाढली. मांजरीने सात तर सोडाच, दुसरे घरही पाहिले नाही. भारताच्या प्राकृतिक नकाशाची कड मात्र कुरतडली गेली आहे.

आई मेली किंवा परतली नाही, तर पिले जगविणे कष्टाचे असते. गाईचे दूध त्यांना मानवत नाही. मांजराच्या पिलांसाठीची दुधाची भुकटी मिळते, ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावी लागते. पाजताना तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये, पालथेच ठेवावे. नाहीतर दूध फुप्फुसांत जाते. त्यांना ऊब लागते, आणि कोमट ओल्या कापसाने पुसल्याखेरीज त्यांना लघवी होत नाही. एरवी हे काम आईची जीभ करीत असते.

घरात सूनबाईही गरोदर असली, तर सासूबाई प्रथम मांजरीला घराबाहेर काढतात. भय निराधार नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि तो गर्भास अपाय करू शकतो. परंतु विष्ठा पडल्यावर तो बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजराची माती रोज बदलावी, ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे, आणि सूनबाईने बागेतल्या मातीत हात घातल्यास ते धुवावेत. एवढ्यावर दोन्ही बाळंतपणे एका छपराखाली सुखाने होऊ शकतात.

राहता राहिले ते पोते. आपल्या अनेक सुसंस्कृत घरांतून आजही पिलांना पोत्यात घालून क्षिप्रेपलीकडे किंवा भाजीबाजारात सोडण्याची रीत आहे. ‘तिथे खायला मिळेल’ असे म्हणून मनाचे समाधान केले जाते. न पाहणाऱ्या, न चालणाऱ्या पिलाला तिथे काय मिळते, हे पाहायला कोणी थांबत नाही. १९६० च्या प्राण्यांविषयीच्या क्रूरता-प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, भुकेने वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. पोत्याची वेळ येऊ नये याचा मार्ग एकच, शस्त्रक्रिया. पिले अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची लेक पाच-सहा महिन्यांची झाली की तीही. म्हणून दूध तुटून आचळे सुकली की तिला पशुवैद्यांकडे न्यावे आणि तोवर बोक्यापासून दूर, घरातच ठेवावे. गर्भाशय काढणे हे पाप, असे काही आजीबाई म्हणतात. त्यांनी पोते उचलून पाहावे.

पिले आठ आठवड्यांची होण्याआधी कोणालाही देऊ नयेत. शक्य तर दोघे भाऊ-बहीण एकाच घरी द्यावेत. पिलू नेणाऱ्याजवळ त्या खोक्यातल्या लुगड्याचा एक तुकडा, न धुता, द्यावा. पहिल्या रात्री ते त्यावरच झोपते.