मशिदीचं दार रोज उघडं हवं

नांदेडमध्ये चार वर्षं काढलेल्या माणसाला आयुष्यातली पहिली मशीद आतून बघायला सिंगापूरला यावं लागतं, हे मला खटकतं. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले माझे तीन मित्र मागच्या महिन्यात इथे आले होते. फिरता फिरता सुलतान मशिदीत गेलो. दाराशी स्वयंसेवक, अंग झाकायला मोफत झगे, काहीही विचारायची मुभा. नमाजच्या जागेत पाहुण्यांना जाता येत नाही, पण कडेला उभं राहून सगळं दिसतं. एकाने हळूच विचारलं, "आत काहीच नसतंय का रे?" पस्तिशीतल्या माणसाचा प्रश्न!

त्यांना घुमट फार आवडला. ही इमारत १९३२ साली पूर्ण झाली. घुमटाखालचा गडद पट्टा काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. त्या बाटल्या गरिबांनी दिल्या, मशीद फक्त पैसेवाल्यांची होऊ नये म्हणून. पुढे साउथ ब्रिज रोडवर जामे चुलिया मशीद आणि श्री मारियम्मन मंदिर शेजारी-शेजारी. लोक एकातून निघून दुसऱ्यात जातात.

इथल्या मशिदींचा कारभार सरकारी कायद्याखाली चालतो, आपल्याकडचं गणित वेगळं. पण दार उघडं ठेवायला कायदा कशाला लागतो? हेच तिघे हॉस्टेलवरून हजूर साहिबला जायचे, डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसायचे. त्यांना कुणी जात-धर्म विचारला नाही. त्याच शहरातल्या एकाही मशिदीची पायरी मात्र ते चढले नव्हते. आत गेलेलं चालतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"पावित्र्याचं काय?" असं विचारणारे भेटतील. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला प्रेषितांनी (स.) मस्जिद-ए-नबवीत भेट दिली, हे सीरतमध्ये आहे, त्यांना तो प्रसंग आठवून द्यावा.

महाराष्ट्रात काही ठिकाणी 'मस्जिद परिचय'चे कार्यक्रम होतात. चांगलं आहे. पण तिथे बहुतेकदा निवडक पाहुणे, सत्कार, फोटो आणि भाषणं. मला हवा आहे दर रविवारी जोहर आणि असरच्या मधला एक तास. कॉलेजातली चार मुलं-मुली माहिती द्यायला. बायकांनाही प्रवेश. वजूखाना, मेहराब, मिंबर म्हणजे काय, हे सांगणारा मराठी फलक. आपल्या बहुतेक फलकांवर उर्दूच असते. फलकाचा खर्च चार मित्रांच्या वर्गणीतून निघेल. ट्रस्टींशी बोलायला कोण येतंय?