दिसणारा पत्ता, उघडणारा दुवा

वेबपानावर ईमेल पत्ता पूर्ण अक्षरांत दिसला पाहिजे आणि त्या अक्षरांवरच दुवा असला पाहिजे. ‘येथे क्लिक करा’ किंवा नुसते पाकिटाचे चित्र यांवर भागत नाही. असा ‘मेलटू’ दुवा फक्त वाचकाच्या यंत्रावर नेमलेला मेल-प्रोग्राम उघडतो. तसा प्रोग्राम नसेल तर अनेकदा काहीच घडत नाही. सेवा केंद्रातल्या सामायिक संगणकावर तर चालकाचेच खाते उघडू शकते. तिथे पत्ता कॉपी करणे किंवा कागदावर उतरवणे एवढाच मार्ग उरतो.

एक उदाहरण घेऊ. आजरा घनसाळ तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अस्सल तांदूळ शोधणारा पुण्या-मुंबईचा ग्राहक आता थेट उत्पादकांपर्यंत पोहोचू पाहतो. अशा उत्पादक गटाच्या पानावर पत्त्याशेजारी तो कशासाठी आहे (घाऊक खरेदी, बियाणे की तक्रार) हे लिहावे, आणि उत्तर साधारण किती दिवसांत मिळेल तेही. पत्ता व्यक्तीचा नसावा, कामाचा असावा; सचिव बदलला तरी पत्रे बंद पडत नाहीत.

मराठी पानांची एक खास अडचण आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात आणि ती सवय पत्त्यालाही लागते. पत्त्याला ‘वर’ किंवा ‘ला’ जोडून लिहिले, की आपोआप दुवा बनवणारे काही प्रोग्राम ती अक्षरेही पत्त्यात ओढून घेतात आणि पत्र परत येते. शेवटी दिलेला पूर्णविरामही कॉपी करताना असाच सोबत जातो. वाक्याची रचना बदलून पत्ता स्वतंत्र ओळीवर ठेवावा. पत्ता रोमन लिपीत असेल, तर त्या भागाची भाषा कोडमध्ये वेगळी नोंदवावी. त्यामुळे मराठी पान वाचणाऱ्या स्क्रीन-रीडरला योग्य उच्चार निवडता येतो.

मेलटू दुव्यात पत्राच्या विषयाची ओळ आधीच भरून देता येते. आरएफसी 6068 या 2010 च्या मानकानुसार देवनागरी अक्षरे यूटीएफ-8 मधून टक्का-चिन्हांच्या संकेतात लिहावी लागतात. ‘घनसाळ’ हा एक शब्द तिथे 45 चिन्हांचा होतो. मोकळ्या जागेसाठी %20 वापरावे. त्याऐवजी अधिकचे चिन्ह घातले, तर ते तसेच्या तसे छापले जाते. विषय थोडक्यात ठेवावा, मजकूर वाचकावर सोडावा.

स्पॅमच्या भीतीने पत्ता चित्रात दडवणे चुकीचेच आहे. अंध वाचकाला तो ऐकू येत नाही, कोणालाच सहज कॉपी करता येत नाही. चौकटी कंसांत ‘ॲट’ आणि ‘डॉट’ लिहिण्याची रीत सरकारी संकेतस्थळांवर सर्रास दिसते. पत्ते गोळा करणारे प्रोग्राम हा ठरावीक साचा सहज ओळखतात. पत्ता दुरुस्त करण्याचे काम मात्र प्रामाणिक वाचकाच्या माथी येते. नको असलेली पत्रे सर्व्हरवरच्या गाळणीने अडवावीत. ज्यांना मेल-प्रोग्राम वापरता येत नाही, त्यांच्यासाठी जोडीला साधा फॉर्म आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा.

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी दुवा मोबाइलवर आणि मेल-प्रोग्राम नसलेल्या संगणकावरही तपासावा, आणि त्या पत्त्यावर पाठवलेले पत्र खरोखर कोणी उघडते का, हेही पाहावे.