पाच वॉटही पुष्कळ

हेब्बाळच्या फ्लायओव्हरवरून रात्री दोन वाजतासुद्धा विमानतळाकडे गाड्या धावत असतात. त्या आवाजाची तक्रार कुणी करत नाही, करणार कुणाकडे? पण त्याच फ्लायओव्हरजवळच्या एका इमारतीत माझ्या भाच्यानं संध्याकाळी गिटारची तार छेडली, की खालच्या मजल्यावर खिडक्या लागत. खालच्या अज्जी नुकत्याच बायपास होऊन घरी आल्या होत्या. एके दिवशी त्यांचा मुलगा वर आला आणि हात जोडून म्हणाला, आईला झोप लागत नाही हो. तो भांडला असता तर बरं झालं असतं. हात जोडल्यावर पोराला काही बोलताच येईना. त्यानं अॅम्प्लिफायरवर चादर टाकली आणि गिटार पलंगाखाली सरकवली.

दोन महिन्यांनी ताईचा फोन. "अरे, गिटार विकायची म्हणतोय. अभ्यास करेल म्हणून मला आनंद व्हायला हवा, पण घर कसंतरीच वाटतंय. तू येऊन बोल त्याच्याशी."

गेलो. चादर काढून पाहिलं तर आत पन्नास वॉटचं धूड! कॉलेजच्या बँडकडून स्वस्तात घेतलेलं, व्हॉल्व्हचं. "मग आवाज कमी ठेव ना," मी म्हटलं. "मामा, कमी ठेवला की मरतो तो," भाचा म्हणाला. त्यानं वाजवून दाखवलं. खरंच, सर्दी झालेल्या माणसानं गावं तसं वाटलं.

ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना व्हॉल्व्ह आठवत असेल. बटण फिरवलं की आत काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होत आणि मग कुठं आवाज यायचा. ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह अडगळीत गेले, पण गिटारवाल्यांनी ते सोडले नाहीत. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीच्या टोकाला नेलं की आवाज फाटत नाही, तर भरतो, किंचित खरखरतो, गोड होतो. गिटारवाल्याला हवी असते ती हीच खरखर. अडचण एवढीच, की पन्नास वॉटचा अॅम्प त्या टोकाला जाईपर्यंत चार इमारतींना ऐकू जातो.

मग कमी वॉटचा घ्यावा, हे कुणीही सांगेल. पण इथं एक गंमत आहे. पन्नासऐवजी पाच वॉट घेतला, तर आवाज एक दशांश होत नाही. आपल्या कानाला तो जेमतेम निम्मा वाटतो. डेसिबलच्या हिशेबात ताकद दहापट घटली की फक्त १० डेसिबल उतरतात. गिटारचा साधारण स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ९५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पाच वॉटवर तो १०२ होतो. आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा मर्यादा आहे ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५! भिंती आणि स्लॅब बराच आवाज अडवतात हे खरं, तरी एक वॉटसुद्धा पूर्ण सोडला तर फ्लॅटमध्ये जास्तच होतो.

लहान अॅम्प म्हणजे पोरखेळ असं मात्र समजू नका. १९७० च्या 'लैला' अल्बमसाठी एरिक क्लॅप्टननं फेंडरचा छोटासा चॅम्प वापरला होता. त्याची ताकद पाच वॉटच्या आसपास, आणि कान दिपवणारी ती गिटार त्यातून निघाली. हे सांगितल्यावर भाच्याचा चेहरा जरा खुलला. लहान अॅम्प घेणं म्हणजे हार मानणं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

रविवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार सवयीनं आवाज चढवून दाखवू लागला. त्याला मी थांबवलं. आम्हाला हॉलमध्ये नाही, बेडरूममध्ये वाजवायचंय. माणसानं बोललेलं ऐकू येईल इतक्याच आवाजावर दाखवा, म्हटलं. घरासाठी अॅम्प पारखायची ही खरी रीत. मोठ्या आवाजात सगळेच छान वाटतात. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात (फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय), म्हणून तिथं खरा फरक कळतो. आठ इंची स्पीकरचा एक अॅम्प या परीक्षेत डब्यासारखा वाजला. दहा इंचीचा भरदार वाटला.

मास्टर व्हॉल्यूमचं बटण असेल तर पुढच्या छोट्या व्हॉल्व्हवर खरखर आणून शेवटी आवाज दाबता येतो. चव थोडी वेगळी, तरी चालण्यासारखी. त्याहून बरी सोय म्हणजे ताकद उतरवण्याचा खटका. व्हॉक्सच्या एसी४टीव्ही मॉडेलमध्ये चार, एक आणि पाव वॉट असे टप्पे होते. काही अॅम्पना हेडफोनचीही सोय असते. पण स्पीकर काढून टाकून हेडफोन लावायचा असेल, तर अॅम्प तसा बनवलेला आहे ना हे आधी विचारा. व्हॉल्व्हचा अॅम्प स्पीकरशिवाय चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला असेल तर तो १२० व्होल्टचा नाही ना, हेही पाहा. आपल्याकडे २३० असतात. आणि उत्साहाच्या भरात मागची पाटी उघडू नका. आत तीनचारशे व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ राहतात.

नुकतंच शिकणाऱ्या मुलासाठी मात्र व्हॉल्व्हचा हट्ट नको, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला साधा डिजिटल अॅम्प आणि हेडफोन पुरे. आमचा भाचा सहा वर्षं वाजवतोय म्हणून ही यातायात.

शेवटी एका व्हॉल्व्हचा, खटका असलेला अॅम्प घेतला. भावोजींनी पैसे दिले, पण जुना विकूनच नवा येईल या अटीवर. घरी आणल्यावर तो जमिनीवर न ठेवता, जाड फोम टाकून खुर्चीवर ठेवला. खालच्यांना त्रास होतो तो बहुतेक स्लॅबमधून उतरणाऱ्या खर्जाचा. खुर्चीवर ठेवला की स्पीकर कानाच्या पातळीला येतो आणि आवाज आणखी कमी ठेवता येतो. मग मी खाली जाऊन अज्जींच्या खोलीत बसलो आणि भाच्याला फोनवरून वाजवायला सांगितलं. एक वॉटवर अगदी पुसट ऐकू आलं. पाव वॉटवर फक्त फ्लायओव्हर. अज्जींनी विचारलं, सुरू केलं का त्यानं? मी म्हटलं, केलं. त्यांनी कॉफी मागवली.

या अॅम्पमध्ये ईएल८४ नावाचा व्हॉल्व्ह आहे. एकेकाळी घरोघरच्या रेडिओत तो असायचा, आणि बीटल्सच्या व्हॉक्स एसी३० अॅम्पमध्ये असे चार असत. हेब्बाळहून रिंग रोडनं पश्चिमेला गेलं की जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना लागतो. तिथं १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते, पुढं ते बंद झाले. आता रशिया, स्लोव्हाकिया, चीनमधून मागवावे लागतात. हे कळल्यापासून भाचा दर रविवारी एस. पी. रोडच्या जुन्या दुकानांतून बीईएलचा शिक्का असलेला ईएल८४ शोधत हिंडतो. त्याला एकच हवाय.